अर्ध्या टाकीतली नाळीची भाजी

पाण्याची टाकी आतून कशी असते हे बहुतेकांना ठाऊक नसतं. टाकीकाकांना ते स्वतःच्या घरापेक्षा जास्त ठाऊक होतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या गच्चीवरच्या टाक्या धुतल्या. झाकण उघडायचं, शिडी आत सोडायची, उरलंसुरलं पाणी बादलीने उपसायचं, तळाचा गाळ खरवडायचा, काथ्याच्या ब्रशाने भिंती घासायच्या, दोनदा खळबळून काढायच्या आणि शेवटी ओंजळभर जंतुनाशक पांढरी पावडर टाकून बाहेर यायचं. टाकीत बोललं की आपलेच शब्द चारी बाजूंनी अंगावर येतात, त्यामुळे त्यांना कमी बोलायची सवय लागली होती आणि ती बाहेर आल्यावरही सुटली नाही. काकू म्हणायच्या, "यांच्याशी संसार म्हणजे विहिरीत खडा टाकायचा आणि आवाजाची वाट बघत बसायचं."

एकसष्टाव्या वर्षी काका शिडीवरून घसरले आणि उजवा गुडघा कायमचा कुरकुरायला लागला. दूरच्या शहरात नोकरीला असलेल्या मुलाने फोनवरून फर्मान काढलं, की बाबा, आता शिडी बंद, आरामात बसा. काका बसले. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांना एक हातभर गॅलरी होती. तिथे खुर्ची टाकून ते समोरच्या इमारतीच्या टाकीकडे बघत बसायचे, कारण तिच्या झाकणाला चीर गेलेली होती आणि तिकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. तीन आठवडे काकूंनी हे बघितलं. चौथ्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "उठा हो. नाहीतर मुळं फुटतील तुम्हाला त्या खुर्चीत."

मुळं फुटली, पण ती दुसऱ्याच गोष्टीला.

काकूंचं माहेर तळ्याकाठचं. तळ्याच्या कडेला नाळीची भाजी आपोआप वाढायची. लांबट टोकदार पानं, आतून नळीसारखे पोकळ देठ, आणि पाण्यावर पसरत जाणारे वेल. लहानपणी काकू ती ओच्यात भरभरून आणायच्या. शहरात ती क्वचित दिसे. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी आठवड्यातून एखादवेळी चार जुड्या आणत, पण ही भाजी मोठी नाजूक. घरी आणेपर्यंत पानं माना टाकतात. त्या दिवशी काकूंनी अशीच एक सुकलेली जुडी ओट्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "ही भाजी दाराशी असावी, तेव्हाच खावी. बाकी सगळं मनाचं समाधान."

काकांनी जुडी उचलली, देठ बोटांनी दाबून पाहिले. तीन-चार देठ अजून कडक होते. त्यांनी पानं खुडून काकूंना दिली आणि कडक देठ पेराच्या खाली कापून पाण्याच्या ग्लासात उभे केले. चौथ्या दिवशी पेरांना पांढऱ्या दोऱ्यांसारखी मुळं आली. काकांनी ग्लास उजेडाकडे धरून दोन वेळा पाहिला आणि काही न बोलता गच्चीवर गेले.

गच्चीच्या कोपऱ्यात एक काळी प्लास्टिकची टाकी पडून होती. वरच्या भागाला तडा गेला म्हणून तीन वर्षांपूर्वी काकांनीच ती बदलली होती. करवतीच्या पात्याने त्यांनी ती आडवी कापली. वरचा भाग भंगारवाल्याला गेला आणि खालचा भाग म्हणजे कमरेएवढं एक मोठं घमेलंच झालं. तळाशी चार बोटं माती, वर वीतभर पाणी, आणि मातीत खोचलेले ते देठ. रोज सकाळी एक-एक पायरी करत काका वर जायचे. पहिल्या आठवड्यात देठ नुसते उभे होते. तिसऱ्या आठवड्यात पाणी दिसेनासं झालं. पानंच पानं.

कापायचं कसं ते काकूंनी शिकवलं. मुळापासून उपटायचं नाही. खालची दोन पेरं ठेवायची आणि वरचं कापायचं, म्हणजे त्या दोन पेरांतून चार फांद्या येतात. करायची रीतही त्यांचीच होती. देठ आणि पानं वेगळी करायची. तापलेल्या तेलात लसूण, मग चिरलेले देठ, ते जरा नरम पडले की पानं आणि मीठ. झाकण ठेवायचं नाही, नाहीतर हिरवी भाजी काळवंडते. आणि कच्ची कधीच खायची नाही, पाण्यातली भाजी आहे. पहिल्या दिवशी काकूंनी घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या. काकांनी विचारलं, कशी झालीय. काकू म्हणाल्या, "गप्प बसा जरा. मी माहेरी आहे."

काकांना आयुष्यात एवढी मोठी पावती कोणी दिली नव्हती. त्या दिवसापासून गच्चीवरची अर्धी टाकी हे त्यांचं काम झालं. आठवड्यातून दोनदा त्यांच्या हातचं काहीतरी घरात येत होतं, आणि आरामात बसलेला माणूस ही त्यांची ओळख पुसली जात होती.

मग इमारतीत ताप आला.

दुसऱ्या मजल्यावर एक शिक्षिका राहायच्या. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणत, म्हणून इमारतीतही त्या बाईच. त्यांची दहा वर्षांची मुलगी तापाने फणफणली. डासांचा ताप निघाला. नऊ दिवस ती दवाखान्यात होती. त्यातले दोन दिवस असे गेले की बाई शाळेला फोन करून रजा सांगायचंही विसरल्या. मुलगी घरी आली तेव्हा जिना चढताना प्रत्येक वळणावर बसत होती.

इमारतीच्या सेक्रेटरींना लोक मागून नोटीसराव म्हणत, कारण जिन्यात चप्पल कुठे काढावी इथपासून दार किती जोरात लावावं इथपर्यंत त्यांची प्रत्येक गोष्टीवर नोटीस असे. त्यांनी लगेच नवी नोटीस लावली. शनिवारी आरोग्य खात्याची माणसं तपासणीला येणार, कोणाकडेही साठलेलं पाणी सापडता कामा नये, आणि गच्चीवरच्या भाजीच्या टाकीबाबत रविवारच्या बैठकीत निर्णय होईल. शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

शुक्रवारी संध्याकाळी काका टॉर्च घेऊन वर गेले. पानं बाजूला सारून त्यांनी पाण्यात उजेड टाकला. आधी काही दिसलं नाही. मग देठांच्या मधल्या एका जागी पाणी हलल्यासारखं वाटलं. ते वाकले. पाच-सहा बारीक अळ्या स्वल्पविरामासारख्या वाकड्या होऊन वर येत होत्या आणि पुन्हा खाली जात होत्या.

चाळीस वर्षांत काकांनी दुसऱ्यांच्या टाकीत अशा अळ्या शेकड्यांनी पाहिल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी टाकीच्या मालकाकडे कसं बघायचं हे त्यांना ठाऊक होतं. आज टाकीचे मालक तेच होते.

ते खाली आले. पलंगाखालून ब्रश, बादली आणि पावडरचा जुना डबा काढला. काकूंनी काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले, "धुवायचीय." वर जाऊन त्यांनी पाणी उपसलं, कडा घासल्या, नवं पाणी भरलं, आणि निघताना हात आपोआप डब्यात गेला. ओंजळभर पावडर. चाळीस वर्षं प्रत्येक टाकीतून बाहेर येताना जे केलं तेच. हात पुढे गेला, डोकं मागे राहिलं. जिन्यावरून उतरताना तर त्यांना बरं वाटत होतं; काम चोख झाल्यावर वाटतं तसं.

शनिवारी आरोग्य खात्याच्या तपासनीस आल्या. लांब दांड्याच्या पळीने त्यांनी चार ठिकाणचं पाणी घेतलं, पांढऱ्या ताटलीत ओतलं, उजेडात फिरवलं. पाण्याला औषधाचा वास येतोय एवढंच म्हणाल्या आणि कागदावर 'स्वच्छ' असं लिहिलं. रविवारी बैठकीत नोटीसरावांनी तो कागद वाचून दाखवला. कोणीतरी म्हणालं, काकांची टाकी आणि अस्वच्छ, असं कधी झालंय का? लोक हसले. टाकी राहू द्यायची असं ठरलं. बाई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत, पण विरोधही केला नाही.

सोमवारी पानांच्या कडा पांढुरक्या दिसायला लागल्या. मंगळवारी पानं पिवळी पडली. बुधवारी काकांनी एक देठ उचलला तर तो बोटांत उकडलेल्यासारखा लिबलिबीत लागला. तेव्हा त्यांना ओंजळ आठवली. हजार लिटरच्या टाकीचं माप त्यांनी त्या घमेल्यात टाकलं होतं.

काकूंनी वर येऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही भाजी धुतलीत की भाजीचा निकाल लावलात?" आणि मग, काकांचा चेहरा बघून, जरा नरमाईने म्हणाल्या, की जाऊ दे, परवानगी तर मिळालीय, मावशींकडून नवी जुडी आणू, पुन्हा लावू.

काका कठड्याला टेकून उभे राहिले. काकूंना वाटलं खडा अजून खालीच जातोय.

"परवानगी औषधाच्या पाण्याला मिळालीय," काका शेवटी म्हणाले. "भाजीच्या पाण्याला नाही. त्या पाण्यात अळ्या होत्या. मी पाहिल्या."

काकूंनी जिन्याच्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच विचारलं, की हे आणखी कोणाला ठाऊक आहे का. काकांनी नकारार्थी मान हलवली. काकू म्हणाल्या, मग आता कशाला सांगायचं, पोरगी बरी झालीय, आणि आपल्याच टाकीतला डास तिला चावला असं कोण सांगू शकतं?

"चावला नाही असंही कोणी सांगू शकत नाही."

आधी ते नोटीसरावांकडे गेले. नोटीसरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लोटून घेतलं. त्यांचं म्हणणं असं, की बैठकीचं इतिवृत्त लिहून झालंय, सह्या झाल्यात, आता काकांनी नसतं काही उकरून काढू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. काका म्हणाले, मूठ झाकलीय पण आत काय आहे ते मला माहीत आहे ना. नोटीसरावांनी हात जोडले. "काका, आयुष्यात पहिल्यांदा एवढं बोलताय, तेही नको ते."

मग ते एक मजला चढून बाईंच्या दारापाशी गेले. बेल वाजवायच्या आधी त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

बाईंनी आत बोलावलं, पण ते उंबऱ्यातच उभे राहिले. आतल्या खोलीत मुलगी भिंतीला टेकून चित्रं रंगवत होती. तिचे केस तापात गळले होते. मधूनच डोक्याची कातडी दिसत होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि पाठ करून आणलेलं सगळं विसरले.

"बाई, तपासणीच्या आदल्या दिवशी माझ्या टाकीत अळ्या होत्या. मी औषध टाकून मारल्या. म्हणून पाणी स्वच्छ निघालं."

बाईंच्या हातात लाल पेन होतं. त्यांनी त्याचं टोपण लावलं.

"किती?"

"पाच-सहा दिसल्या."

"त्याआधी कधी पाहिलं होतंत?"

"नाही. पानं बघायचो. पाणी नाही बघितलं." थोडं थांबून ते म्हणाले, "मी पाण्याचा माणूस, आणि पाणीच बघितलं नाही."

बाईंनी आतल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "नऊ दिवस मी तिच्या हातातली सुई बघत बसले होते काका. मला तुमच्यावर ओरडायचंय, पण ती मोठ्या आवाजाने दचकते. टाकी काढा."

"काढतो," काका म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी सगळं पाणी गच्चीच्या मोरीत सोडलं, माती पोत्यात भरली आणि टाकी उलटी करून ठेवली. काकूंना वाटलं, विषय संपला. मुलाचा फोन आला तेव्हा त्यांनी त्यालाही तसं सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी काका गॅलरीतल्या खुर्चीत बसले नाहीत. ते कोपऱ्यावर मावशींकडे गेले.

त्यांचा प्रश्न साधा होता: साठलेलं पाणी नसताना ही भाजी येते का? मावशी हसल्या. म्हणाल्या, बाबा, मी विकते, लावत नाही; लावणारा माझा दीर. काकांनी दिराचा पत्ता विचारला. मावशींना वाटलं चेष्टा करतायत. तीन दिवस काका रोज जाऊन तोच प्रश्न विचारत राहिले, तेव्हा मावशींनी कंटाळून बसचा नंबर सांगितला आणि वर म्हणाल्या, "भाजी राहू दे, तुम्हालाच लावायला पाहिजे कुठेतरी. एकदा रुजलात की हलायचे नाहीत."

बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथून कालव्याच्या कडेने पाऊण तास चालायचं होतं. काकांना दीड तास लागला. मावशींचा दीर वाफ्यात उभा राहून भाजी कापत होता. काकांनी वाफे पाहिले आणि जागच्या जागी थांबले. हिरव्यागार भाजीखाली पाणी नव्हतंच. नुसता काळा, भिजलेला चिखल होता. दिराने सांगितलं, की तळ्यात वाढते ती तिची मर्जी. पाण्यात ती जगते, पण तिला पाहिजे ती ओल. मग त्याने काकांना वाफ्यात अंगठा दाबायला लावला. अंगठ्याच्या खळग्यात पाणी चमकलं आणि हात बाजूला घेईपर्यंत मुरून गेलं.

"हे माप," दीर म्हणाला. "पाणी दिसलं पाहिजे, पण थांबलं नाही पाहिजे. थांबलं तर जास्त. दिसलंच नाही तर कमी."

काकांनी तीन वेगवेगळ्या जागी अंगठा दाबून पाहिला. दिराने मुळं आलेले वीस-पंचवीस देठ ओल्या गोणपाटात गुंडाळून दिले. बसमध्ये काकांनी ते मांडीवर धरले होते. शेजारच्या बाईने विचारलं की आत काही जिवंत आहे का. काका म्हणाले, आहे.

आता खरा अवघड भाग आला. चिखलात पाणी थांबायला नको, तर टाकीच्या तळाला भोकं पाहिजेत. काका ड्रिल घेऊन उलट्या टाकीसमोर बसले आणि त्यांचा हात चालेना. चाळीस वर्षं त्यांनी टाक्यांची भोकं बुजवली होती. गळकी टाकी म्हणजे त्यांच्या दृष्टीने मेलेली टाकी. काकू दोरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हे बघितलं आणि म्हणाल्या, "द्या इकडे. पोरीचं नाक टोचायचंय असे बसलायत." काकांनी ड्रिल दिलं नाही. पहिलं भोक पाडलं, त्यातून पलीकडचा उजेड पाहिला, आणि मग अकरा भोकं पाडली. टाकी चार विटांवर ठेवली. खाली अर्धा कापलेला पाईप उतरता लावला, गळणारं पाणी सरळ मोरीत जाईल असा.

पण देठ त्यांनी लावले नाहीत. ते बादलीत उभे करून घरातच ठेवले, रोज सकाळ-संध्याकाळ पाणी बदलत राहिले, आणि बाईंच्या दाराशी गेले.

पहिल्यांदा बाई म्हणाल्या, वेळ नाही. दुसऱ्यांदा दार अर्धंच उघडलं. तिसऱ्यांदा काकांनी चिखलाचं एक लहान घमेलंच सोबत नेलं आणि उंबऱ्याबाहेर ठेवलं.

"बाई, अंगठा दाबा."

"काका, मी वह्या तपासतेय."

"एकदाच."

बाई वाकल्या. त्यांनी अंगठा दाबला. पाणी आलं आणि गेलं.

"यात अळी होत नाही," काका म्हणाले. "तिला थांबलेलं पाणी लागतं, आठवडाभर. इथे ते क्षणभर थांबतं."

"आणि हे असंच राहील हे मी कशावरून मानू? मागच्या वेळी सगळ्यांनी मानलं."

"मानू नका. दर शनिवारी वर या आणि बघा. थांबलेलं पाणी दिसलं, थेंबभर दिसलं, तरी मी टाकी खाली टाकून देईन."

"खाली टाकू नका, खाली माणसं असतात," बाई म्हणाल्या. हसल्या नाहीत, पण आवाज थोडा सैल झाला होता. मग त्यांनी विचारलं, "गप्पी मासे सोडता येतात म्हणे. ते का नाही?"

"मासे काम करतात. पण मेले की आपल्याला कळेपर्यंत आठवडा जातो. मला त्यांच्या भरवशावर नाही राहायचं."

बाईंनी घमेल्याकडे पुन्हा पाहिलं. आतून मुलीने हाक मारली. "शनिवारी शाळा सुटल्यावर," त्या म्हणाल्या. "आणि मी सांगितलं काढा, तर वाद नाही."

"नाही."

काकांनी टाकीत चिखल भरून देठ लावले. पहिल्या शनिवारी बाईंनी टाकीत चार ठिकाणी अंगठा दाबला, मग खाली वाकून टॉर्च मारला. एका विटेच्या खळग्यात चमचाभर पाणी साठलं होतं. त्यांनी टॉर्च तिथेच धरून ठेवला. "काढू?" काकांनी विचारलं. बाईंनी पाण्याकडे निरखून बघितलं. "आज सकाळचंय," त्या म्हणाल्या. "वीट पालथी करा." काकांनी चारही विटा त्यांच्यासमोर पालथ्या केल्या.

दुसऱ्या शनिवारी टाकीत काही सापडलं नाही. पण बाई शिक्षिका होत्या. एक वही तपासायला घेतली की गठ्ठा संपेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. त्या सगळी गच्ची फिरल्या. जिन्याच्या खोलीमागे रंगाचा एक जुना डबा होता. जिना रंगवून झाल्यावर नोटीसरावांनी 'पुढे लागेल' म्हणून ठेवलेला. त्यात वीतभर पाणी होतं आणि पाण्यात अळ्यांची शाळा भरली होती. बाईंनी नोटीसरावांना वर बोलावून घेतलं. नोटीसराव डब्याकडे असे बघत राहिले, जणू तो डबाच नोटीस न वाचता आत शिरला होता.

काकूंच्या डोळ्यांत चमक आली. खाली आल्यावर त्या म्हणाल्या, "बघा. तो डबा तीन महिने तिथे होता. ताप तिथूनच आला असणार. सांगा ना बाईंना." काकांनी ब्रश धुऊन जागेवर ठेवला. डब्यात अळ्या होत्या म्हणून टाकीतल्या नव्हत्या असं होत नाही, एवढंच ते म्हणाले, आणि हा विषय त्यांनी पुन्हा काढू दिला नाही.

तिसरा शनिवार गेला, चौथा गेला. देठांना फांद्या फुटल्या. आधी मातीच्या रंगाची, मग पोपटी, मग गर्द अशी पानं टाकीच्या काठावरून बाहेर डोकावायला लागली. पाण्यातल्यापेक्षा देठ जरा बारीक होते पण कडक होते. काका सकाळी पाण्याची झारी आणि अंगठा घेऊन वर जात. ज्या दिवशी पाणी मुरायला जास्त वेळ लागे त्या दिवशी झारी तशीच परत येई.

पाचव्या शनिवारी भाजी कापायला झाली होती. खरं तर बुधवारीच झाली होती, पण काकांनी शनिवारवर ठेवली. काकूंनी सुरी धुऊन दिली, लसूण सोलून ठेवला. शाळा सुटायची वेळ झाली, टळली. चार वाजले. साडेचार वाजले. बाई आल्या नाहीत.

काकू वर आल्या. "अहो, चार वेळा बघून गेल्या त्या. आता किती बघतील? कापा. फुलं यायला लागली की देठ चिवट होतात."

काकांनी सुरी काठावर ठेवली आणि जिना उतरायला लागले. चढण्यापेक्षा उतरताना गुडघा जास्त दुखे. बाईंच्या घरात जमिनीवर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पसरले होते आणि मुलगी त्यांवर नंबर घालत होती.

"बाई, तपासायचं राहिलंय."

बाईंनी कपाळावरचे केस मागे सारले. "काका, परीक्षा चालू आहेत हो. आणि चार आठवडे पाहिलं मी. काही नाही तिथे. कापा तुम्ही."

"सारखं काही दिसलं नाही, की तेव्हाच लक्ष उडतं," काका म्हणाले. "माझं उडालं होतं. या."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग गठ्ठ्यांकडे. मुलगी म्हणाली, जा ना आई, मी करते. बाई उठल्या.

दोघं हळूहळू वर चढले. बाई पुढे जाऊ शकत होत्या, पण गेल्या नाहीत. गच्चीवर त्यांनी टाकीत चारही बाजूंना अंगठा दाबला आणि दर वेळी पाणी मुरेपर्यंत थांबल्या. विटांखाली पाहिलं. पाईपमधून बोट फिरवलं. मोरीची जाळी उचलून आत टॉर्च मारला, जिन्याच्या खोलीमागे जाऊन आल्या. काका सुरीला हात न लावता उभे होते. काकू दाराशी, पदराला हात पुसत.

बाईंनी हात झटकले. अंगठ्याच्या नखात चिखल गेला होता.

"कापा," त्या म्हणाल्या.

काका वाकले. एक देठ धरला, खालून दोन पेरं मोजली आणि कापला. मग दुसरा. पोकळ देठ कापताना बारीक आवाज येत होता. बाई थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या आणि मग जिन्याकडे वळल्या. दारात थांबून म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी तपासलेले पेपर द्यायचे आहेत शाळेत. मी रविवारी सकाळी येईन. आठ वाजता."

"आठला मी इथे असेन," काका म्हणाले, आणि पुढचा देठ धरला.